जिवंत माणसाचा पिंड

१२ नोव्हेंबर, बुधवार

पोहोचलो एकदाचा! गंगेकाठच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत हातगाडीसुद्धा वळत नाही — कॅमेरे, लाइट, सगळं हमालांच्या डोक्यावरून. माझी असिस्टंट रुचा त्यांच्यावर ओरडतेय, ते तिच्यावर. मी खूश! किती वर्षांनी कुणीतरी 'डायरेक्टर साहब' म्हणालं.

मुंबईचा निर्माता शेवटपर्यंत मागे लागलेला, "सर, तुमच्या जुन्या हिटचाच रिमेक करू ना." म्हटलं, मसणात गेला तुझा रिमेक! हडळी, पांढऱ्या साड्या पुष्कळ झाल्या. हा स्लॅशर आहे आणि पहिल्या ओळीपासून माझा आहे. यातला खुनी आधी घाटावर बसून जिवंत माणसाच्या नावानं पिंड ठेवतो. कावळा शिवला की मग सुरा काढतो.

बहात्तरी उलटली. हा एक पुरा होऊ दे, बाकी काही मागणं नाही.

१४ नोव्हेंबर

वेणीमाधव भेटला. लहानपणी इथल्या शाळेत एका बाकावर बसायचो, आता तो घाटावरचा मोठा गुरुजी. पिंडाच्या सीनला त्यालाच बसवतोय — विधी खराच दिसला पाहिजे. म्हणतो, "नरहर, तू अजून लोकांना घाबरवूनच पोट भरतोस?" म्हटलं, तू काय वेगळं करतोस रे! खूप हसला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अमृतराव घाट. उजेड झकास. वेणीमाधव हातात पाणी घेऊन थांबला. "नाव सांग. गोत्र?"

स्क्रिप्टमधलं नाव सांगितलं तर मान हलवतो! "हा माणूस झालाच नाही. ज्याला बाप नाही, आजा नाही, त्याला पिंड कसा देऊ?"

डोकं फिरलं माझं. ऊन वर चढतंय, युनिट ताटकळलंय — "माझं नाव घाल! काश्यप गोत्र. आटप लवकर!" त्यानं माझं नाव-गोत्र म्हटलं, पाणी सोडलं, पिंड ठेवला.

आणि कावळा येईना! कठड्यावर ओळीनं बसलेत, पिंडाकडे बघतायत, एक हलेल तर शपथ. नावाडी म्हणाला, "ई कउआ सब त हाथ से पूड़ी छीन लेला, बाबूजी!" वेणीमाधव म्हणे, दर्भाचा कावळा करून शिवव, शास्त्रात चालतं. चालतं काय! पडद्यावर गवत दाखवू?

१८ नोव्हेंबर

आजही तेच. युनिटला मस्करी सुचली. दहाव्याला घरचे हात जोडून गेलेल्याला वचन देतात ना, तसं एकेक जण पिंडापुढे — "सर, तुमचं पान बंद पडू देणार नाही!" "सर, तुमच्या शिव्या आम्ही चालू ठेवू!" मीही हसत होतो.

मग रुचानं हात जोडले. ती हसली नाही. "सर, तुम्ही नसलात तरी पिक्चर मी पुरा करीन."

झपकन आला! चोच मारली, गेला. सगळं कॅमेऱ्यात. टाळ्या, शिट्ट्या. मी मात्र 'कट' म्हणायचं विसरलो. वेणीमाधव तसाच गंगेत उतरला, डोक्यावरून अंघोळ केली.

१९ नोव्हेंबर

झोप नाही.

२२ नोव्हेंबर

वेणीमाधवच्या घरी गेलो. म्हटलं, "अरे, सिनेमा आहे तो."

"तुझा असेल. मी सोडलं ते पाणी खरं होतं." मग हळूच, "वचन घेऊन शिवलाय, नरहर. पिक्चर पुरा झाला की तुला इथं अडकवणारं काही उरलं नाही." मी चपला घातल्या.

येताना संकठा घाटापासून एक कावळा कठड्या-कठड्यानं माझ्याबरोबर. मी थांबलो की तोही थांबे. हाड् हाड् केलं. गेला नाही.

२७ नोव्हेंबर

थोडंसंच काम उरलंय. मी चुका काढतोय. रुचा म्हणते, "सर, हा ओके होता." "नव्हता!" — उगाच खेकसलो. लांबवतोय मी, दुसरं काय! भीती वाटते. लहान पोराला वाटते तशी. जन्मभर थिएटरं घाबरवली, आणि आता कावळा ओरडला की खिडकी लावून घेतो.

२९ नोव्हेंबर

रुचानं विचारलंच. सगळं सांगून टाकलं. वाटलं हसेल. तिनं हात धरला माझा. "एवढंच ना, सर? तो शॉट परत घेऊ. या वेळी माझं नाव घालायला सांगू. मला नाही काही होत."

सव्वीस वर्षांची पोर! कशावर विश्वास नाही आणि जीव हा असा. म्हटलं, वेडी आहेस का? मुळीच नाही. पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

अमृतराव घाट. वेणीमाधवनं हातात पाणी घेऊन नाव विचारलं. रुचानं आपलं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी नको म्हणेन म्हणून. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो.

कावळा लगेच आला. कुणी काही वचन दिलं नव्हतं.

दुपारी पोटभर जेवलो.