सैल सेन्सर

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाची चाल मोजायची म्हणून तुला धरून आणलं होतं. कॅमेऱ्याला हालचाल टिपता यावी म्हणून अंगभर पांढरे गोळे चिकटवल्यावर कांजिण्या आल्या म्हणून हसत होतास. त्या दिवशी डाव्या मांडीच्या स्नायूचा संकेत अगदी क्षीण आला. दिवसभर शिडीवर चढून भिंती रंगवणारा माझा भाऊ, त्याचा स्नायू कमजोर कसा असेल? मी नोंदवहीत ‘सेन्सर सैल’ लिहिलं आणि तुझी मोजणी बाद केली.

आता डॉक्टरांनी स्नायू झिजण्याचा आजार सांगितल्यावर काल ती फाइल काढली. सेन्सर घट्ट होता. मी तेव्हा डोळे उघडे ठेवले असते तर तू शिडीवरून पडला नसतास. मला माफ करू नकोस.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही असावा.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधीच अक्षर दिव्य, त्यात रडून शाई फासलीस. आजाराला औषध तेव्हाही नव्हतं. तीन वर्षं आधी घरी बसलो असतो तर तुझ्या वहिनीचं डोकं तेवढं जास्त खाल्लं असतं. आता भिंतीचा खालचा भाग मी रंगवतो, वरचा भागीदार.

भीती मात्र वाटते, खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणाले, लेकीलाही होऊ शकतो. ती सुट्टीत आठ दिवस तुझ्याकडे येतेय. तिला मोजू नकोस. अकरा वर्षांची आहे, कळून करायचं काय? पळतेय तोवर पळू दे. एवढं माझं ऐक.

आशीर्वाद आहेतच, भांडणही चालू ठेव.
दादा

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा शब्द पाळला. पोरगी गोळे चिकटव म्हणून हटून बसली होती, यंत्र बिघडलंय म्हणून थाप मारली. दोन तास रुसली, मग माझ्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत राहिली.

काल दुपारी जमिनीवर बसून चित्र काढत होती. मी जेवायला हाक मारली. उठताना तिने आधी गुडघ्यावर हात टेकला, मग हातांनी मांडी रेटत रेटत उभी राहिली आणि काहीच न झाल्यासारखी धावत आली. पंधरा वर्षं मी माणसांच्या हालचाली बघतेय, दादा. मोजायची गरज उरली नाही.

हे तुझ्यापासून लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. वहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. उद्या तिला घेऊन येतेय.

तुझी धाकटी