जीप चालवत होतो तो मीच

कोरेगाव, ता. ३ मार्च १९६६

चि. खंडेरावास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दारू पिऊन ट्रक चालवलास म्हणून कोर्टाने तुझा परवाना सहा महिने बंद केला, हे तूच कळवलेस. त्यामुळे माझा अर्धा राग गेला. उरलेला भेटीसाठी राखून ठेवलाय. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललंय तिथं ओझी वाहा, पण चाकाला हात लावू नकोस. सायकल घे. तीही जपून. कळावे.

तुझी नर्मदाअक्का

पालघर, कोठडीतून, ता. २१ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून घाबरू नकोस. तारापूरजवळच्या नवापुरात लग्नाला गेलो, ताडी प्यालो, आणि परतताना बन्सीच्या हातून जीपची किल्ली हिसकावली. बन्सी माझा खोलीतला सोबती. तो प्यालेला नव्हता, त्याच्याजवळ परवानाही होता. फर्लांगभर गेलो नाही तोच जीप लाडकीबाई कोळणीच्या वाळत घातलेल्या बोंबलांत घुसली. चाकाखाली माणूस कुणी सापडलं नाही, देवाची कृपा. बाईनं मला गचांडी धरून बाहेर ओढलं. अंगाचा वास अजून गेलेला नाही. शेजारचे कैदी तोंड फिरवून झोपतात.

वकील म्हणाले, बन्सी चालवत होता असं सांग, दोघंही थोडक्यात सुटाल. बन्सी तयार झाला. अक्का, मीही झालो होतो. पण कोर्टात उभा राहिलो, समोर बन्सीचं तोंड बघितलं. त्याला तीन मुलं. मी सांगून टाकलं, जीप चालवत होतो तो मीच. लाडकीबाई उठून म्हणाली, हा कुठला चालवतो, गाडीच ह्याला चालवत व्हती! मॅजिस्ट्रेट साहेबही हसले. पण शिक्षा हसण्यासारखी नाही. परवाना बंद असताना चालवलं आणि वर पिऊन, म्हणून एक महिना कैद, परवाना दोन वर्षांसाठी गेला.

राग आला तरी उत्तर पाठव.

तुझा खंडू

कोरेगाव, ता. २९ मार्च

चि. खंडूस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग बोंबलांच्या जागी आले आणि इतकी हसले की शेजारीण धावत आली. भाऊ कुठे आहे म्हणून तिने विचारले. तुरुंगात, म्हटलं. आणि का गेला तेही सांगितलं, दोन्ही कारणं. दारूचं सांगताना मान खाली गेली. बन्सीचं सांगताना आपोआप वर आली.

शुद्धीवर राहा, एवढंच मागते.

तुझी अक्का