मिटलेला डोळा

दि. ४ मार्च

ती. स्व. वन्संना शि. सा. न. वि. वि.

सगळे खुशाल आहेत असं लिहायला बसले, पण हात धजत नाही. वन्सं, ह्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. घाबरू नका म्हणणार होते. पण मीच अजून सावरलेले नाही.

ह्यांची बैठक तुम्हाला ठाऊकच आहे. घड्याळ उघडलं की भिंग उजव्या डोळ्याला आणि डावा घट्ट मिटलेला. जन्म गेला तसाच. परवा उजव्या पापणीवर रांजणवाडी आली, म्हणून भिंग डाव्याला लावलं आणि उजवा मिटला. मला हाक मारून म्हणाले, अगं, दिवा का घालवलास, काटकसर इतकीही नको. मी दिवे घालवत फिरते हे खरं, पण हा दिवा त्यांच्या नाकासमोर जळत होता हो! थट्टा चाललीय समजून मी हसले. मग त्यांनी हात पुढे केला, दिव्याचा चटका बसला, आणि मी तो हात ओढून पाण्यात धरला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, हे मधुमेहाचं काम. आतल्या पडद्याला रक्त पुरेना, म्हणून डोळ्याने आपल्याच मनाने नव्या रक्तवाहिन्या काढल्या. पण त्या कच्च्या. डाव्यातल्या फुटून आत रक्त साचलंय. दुखत नाही, खुपत नाही. मिटलेल्या डोळ्याची विचारपूस कोण करतंय? मला आपली मोरीतली नळी आठवली. पाणी येईना म्हणून मी रबरी तुकडे जोडत बसले, आणि तेच फुटून भिंत भिजली. डोळ्यानेही माझीच अक्कल चालवली म्हणायची.

खरा घोर पुढेच आहे. उजव्या डोळ्यातही तशाच वाहिन्या उगवल्यात, अजून फुटलेल्या नाहीत. लेसरने पडदा कडेकडेने भाजला तर त्या सुकतील, पण वेळ दवडू नका, असं बाई म्हणाल्या. हे म्हणतात, ज्या डोळ्यावर पोट आहे त्याला मी डाग देऊ देणार नाही. मी देवापुढे बसवून विनवलं, तरी ढिम्म. लहानपणापासून त्यांना धाक काय तो तुमचाच. चार खरमरीत ओळी लिहा.

माया आहे ती तशीच राहू द्या.

तुमची
भावजय


दि. ९ मार्च

चि. सौ. भावजयीस अनेक आशीर्वाद.

दिव्याला हात लावला, तिथून पुढे मला वाचवेना.

खरमरीत लिहायला घेतलंच होतं. टिकटिक्या, गाढवा, जगाच्या घड्याळांची झाकणं उघडतोस आणि स्वतःच्या डोक्याचं तेवढं बंद का, इथपर्यंत आले. मग म्हटलं, दटावण्याआधी त्याला होतं तरी काय ते कळावं. साखर मलाही आहेच. तुझं पत्र समोर धरलं आणि एकेक डोळा हाताने झाकला. डावा झाकला, तर तुझं अक्षर नेहमीसारखं ठसठशीत. उजवा झाकला आणि मधल्या ओळींवर जळमट लोंबलं. चष्मा पुसला, कागद झटकला. जळमट तिथेच. मान हलवली की तेही हलतं.

अगं, कधीची मी सूनबाईला जळमटांवरून बोलतेय! बिचारी मुकाट्याने झाडू घेऊन छत झाडायची. जळमटं माझ्या डोळ्यात, आणि मी ती तिच्या संसारात शोधत होते.

ते पत्र फाडलं. आता कसला धाक घालू? त्याला एवढंच सांग, ताई घाबरली आहे. मी तुमच्याच डॉक्टरीणबाईंकडे येते. पण खुर्चीत आधी त्याने बसायचं, मग मी.

त्याला सांभाळ, स्वतःलाही.

तुझी
वन्सं


दि. १८ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाई सुखरूप आहेत, त्यांच्याच वतीने लिहिते. ताई घाबरली आहे, हे वाचून दाखवल्यावर ह्यांनी भिंग खाली ठेवलं. उठून सदरा चढवला. खुर्चीत तेच आधी बसले. उजवा डोळा सध्या तरी राखला, असं बाई म्हणतात. डाव्याचं त्या काही कबूल करत नाहीत. वन्संनाही लेसर दिलं. आत जाताना ह्यांनी त्यांचा हात धरला होता, की त्यांनी ह्यांचा, ते मला सांगता येणार नाही.

जळमटांबद्दल वन्सं तुझ्याशी स्वतः बोलणार आहेत. तोवर माझं ऐक. यापुढे त्यांना कुठे जळमट दिसलं, तर झाडू घेऊ नकोस. त्यांना घेऊन तडक इकडे ये.

हे आज पुन्हा कामाला बसलेत. भिंग उजव्या डोळ्यालाच आहे. पण डावा आता मिटत नाहीत. दिसत नाही, तरी सताड उघडा ठेवतात. मी विचारलं, तर म्हणाले, उजेड आलाच तर त्याला दार बंद दिसायला नको.

मुलांना गोड पापा. आमची आठवण ठेव.

तुझी
मामीसासू