पांढऱ्या पट्ट्याच्या आत

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा! बस दोनदा बंद पडली. शेवटचा तुकडा दूधवाल्याच्या गाडीत कॅनच्या गर्दीत अंग चोरून बसून आलो, अजून कपड्यांना वास येतोय. पण जागा बघितली आणि सगळा शीण गेला. समोर डोंगरभर जंगल, पाठीमागे डांबरी रस्ता, मध्ये एकच घर. ते काकूंचं. त्यांनी मला बाहेरची खोली दिली आहे. खाट आहे, खिडकी आहे, खुंटी आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

इथे फोन लागत नाही, म्हणून ही वही. सुट्टीत घरी गेलो की आईला वाचून दाखवीन. निघताना तिने अक्षरशः हात जोडले, बाबा रे, हे तरी काम टिकव. तिचंही खरं आहे. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, गोदामात तर आठवडाही काढला नाही. ताई म्हणते याच्या पायाला भिंगरी आहे. हे मी आल्याआल्या इथल्या मुकादमांना हसत हसत सांगून बसलो. आता सगळे मला भिंगरीच म्हणतात.

बुधवार, ६ तारीख

काम समजायला सोपं. राखीव जंगलाची हद्द वाढवायची आहे. आतला भाग फक्त जंगलाचा. तिथे माणसाचं काही ठेवायचं नाही, वाट नाही, खांब नाही, साधा खिळा नाही. साहेब बुधवारी जीपने येतात, नकाशावर बोट फिरवतात आणि जातात. बोट फिरवायला काय जातंय, झाडं आम्हाला रंगवावी लागतात.

आम्ही तिघं. मुकादम झाड दाखवतात. मी छातीएवढ्या उंचीवर साल खरवडून पांढरा पट्टा मारतो. तिसरा भोंगा, त्याचं काम ओरडायचं. थट्टा नाही, खरंच. मी ब्रश लावायच्या आधी तो आतल्या बाजूला तोंड करून बाहेर या, बाहेर या म्हणून ओरडतो. मुकादम सिगारेट संपेपर्यंत थांबतात, मग म्हणतात, मार. हद्द पुढे सरकली की मागच्या झाडांवरचे पट्टे खरवडून टाकायचे.

पट्टा फक्त बाहेरच्या अंगाला, आतलं अंग कोरं. पांढरं दिसलं की समजायचं आपण बाहेर आहोत, आणि तिथेच थांबायचं. मी विचारलं, आतून येणाऱ्याला कसं कळणार? मुकादम म्हणाले, लेका, आत आहे कोण यायला? मी म्हणालो, मग हा भोंगा कुणाला बोलावतो, सासऱ्याला? भोंगा खो खो हसला. मुकादम हसले नाहीत.

शनिवार, ९ तारीख

काकू वाढताना हात आखडत नाहीत. बोलतात कमी, पण बाळा म्हणतात, बरं वाटतं. जेवायला रोज दोन ताटं घेतात. एक माझं, एक झाकून ठेवतात, ते मुलाचं. तो माझ्याच कामावर होता, याच खोलीत राहायचा. खुंटीवरचा शर्ट त्याचा आहे, तो काढायचा नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलंय.

मुकादमांना विचारलं तो गेला कुठे. म्हणाले, पळाला शहरात, तुझ्यासारखीच भिंगरी होती. हे बोलणं चाललं होतं तेव्हा भोंगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत.

मंगळवार, १२ तारीख

रंगाचा डबा चोरीला गेला. ब्रशही एक कमी आहे. मुकादमांनी सगळ्यांदेखत माझी पिशवी उलटी केली. नवा तो चोर, हा जगाचा न्याय.

त्याहून विचित्र म्हणजे हद्द आपोआप पुढे आली आहे. काल जिथे काम थांबवलं त्याच्या पुढची काही झाडं सकाळी रंगवलेली होती, काकूंच्या घराच्या दिशेने. नकाशात घर बाहेर आहे, बरंच बाहेर. मुकादम माझ्यावर खेकसले, शहाणपणा कुणी केला? मी म्हणालो माझा पट्टा सरळ असतो, हे बघा कसले वेडेवाकडे, डोळे बांधून मारल्यासारखे. मला भोंग्याचा संशय आहे. त्याला माझा. दुपारी एकमेकांकडे पाठ करून जेवलो.

शुक्रवार, १५ तारीख

आज आणखी झाडं. मी एकेक पट्टा जवळून पाहिला. दोन्ही टोकांना बोटांचे ठसे आहेत, रंगाचे, मागच्या बाजूने पुढे आलेले.

म्हणजे रंगवणारा आत उभा राहतो. झाडाला मिठी मारतो आणि पलीकडे न बघता, चाचपत पट्टा ओढतो. मी एका झाडावर करून पाहिलं. गाल सालीला लावला, दोन्ही हात पुढे टाकले. माझाही पट्टा तसाच आला, सेम टू सेम.

मुकादमांना नेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. ते चाकूने ठसे खरवडायला लागले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सरळ विचारलं, त्या पोराचं काय केलंत? म्हणाले, भिंगरी, तू रंग मार. रंगाऱ्याने रंगाऱ्यासारखं राहावं.

या माणसाने खून केला आहे असं मला वाटतं. आणि भोंग्याला माहीत आहे.

रविवार, १७ तारीख

खून नाही. खून परवडला असता.

सुट्टी होती. भर दुपारी काकू टोपली घेऊन निघाल्या. फडक्याखालून डब्याची कडी दिसत होती. मी मागे गेलो. हद्दीवरच्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी रंगाचा डबा ठेवला आणि मागे सरकल्या. झाडामागून हात आला. कोपरापर्यंत पांढरा, वाळलेल्या रंगाचे पापुद्रे सुटलेला. डबा उचलून गेला. काकू शाळेतून आलेल्या मुलाशी बोलावं तसं बोलत होत्या, दमलास का रे, आता थोडंच राहिलं.

मी समोर गेलो तर दचकल्यासुद्धा नाहीत. उलट सगळं सांगितलं. त्या दिवशी साहेबांना घाई होती, नकाशा पुरा करायचा होता. भोंग्याचा घसा बसला होता. मुकादमांनी सिगारेट पेटवलीच नाही. मुलगा विसरलेला कोयता आणायला आत गेला होता आणि यांनी शेवटचं झाड रंगवून हद्द बंद केली. तेव्हापासून तो झाडांपर्यंत येतो, त्याला कोरं अंग दिसतं, पुढे पाऊल पडत नाही. फक्त हात बाहेर निघतात. मग जवळचं पुढचं झाड कवेत घ्यायचं, पट्टा मारायचा, तेवढी जागा आत येते, तेवढाच तो पुढे येतो.

मी म्हणालो, तुम्हीच का नाही गेलात आत? काकू म्हणाल्या, मी जाऊन काय करू बाळा, त्याला घरी यायचंय. त्याला बाहेर येता येत नाही, तर घर आत जाईल.

माझं काय, हे विचारायचं राहिलं.

सोमवार, १८ तारीख

मुकादम सामान बांधत होते. पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, माझ्या हातून झालं ते झालं, तू उद्याची वाट बघू नकोस, आमच्याबरोबर चल. भोंगा टेम्पोत बसलाच होता, वर बघेना.

मी नाही गेलो. पुन्हा काम सोडून आलो हे आईला कोणत्या तोंडाने सांगू? ती काही बोलणार नाही, नुसती पाणी आणून देईल. ते मला बघवत नाही. बुधवारी साहेब येतील, त्यांना सगळं सांगीन, ते मला दुसरीकडे कामाला लावतील. दोन दिवसांचा प्रश्न आहे. झाडं अजून अंगणाच्या पलीकडे आहेत, खिडकीतून पट्टे चांगले पांढरे दिसतात.

आयुष्यात एकदा तरी टिकून दाखवतो.

मंगळवार, १९ तारीख

खिडकीतून पांढरं दिसत नाही. सगळे पट्टे खरवडलेले.

रस्त्याकडे धावलो. रस्त्याकडेची झाडं कोरी. एकाला वळसा घातला, पलीकडे गेलो, तर समोर पुन्हा कोरं अंग. दुसऱ्याला घातला, तसंच. कसंही फिरा. हात पुढे टाकून चाचपलं. पलीकडे ओलं आहे. बोटं पांढरी झाली.

दूधवाला आला. मी भोंग्यासारखा ओरडलो. त्याने झाडांकडे बघितलं, गाडी थांबवली, मागे घेतली आणि गेला. माझ्याकडे बघितलंच नाही. मी हात हलवत होतो —

घरात दुसरं ताट उघडं आहे. खुंटीवर शर्ट नाही. माझ्या खाटेवर कुणीतरी बसलंय, दाराकडे पाठ करून. काकू त्याच्या हातावरचा रंग कोमट पाण्याने काढतायत. निघत नाही. कातडीच —

बुधवार, २०

साहेब आले. जीप पट्ट्यापाशी थांबली. उतरले, नकाशा काढला, हद्द इतकी पुढे आलेली बघून खूश झाले. ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. मी त्यांच्यापासून हातभर लांब होतो. त्यांची बाही धरली. त्यांनी फांदी अडकल्यासारखी झटकली.

तो बोलत नाही. जेवतो आणि झोपतो. माझ्या उशाशी त्याने डबा आणून ठेवला, ब्रश वर आडवा. काकू म्हणाल्या, आता तुझं तू बघ बाळा, तुझीही आई वाट बघत असेल.

बहुतेक गुरुवार

कागद पांढरा होतो हाताने. अक्षर —

रस्त्याच्या कडेने झाडं आहेत. दाट नाहीत. पण कवेत येतात. आज एक. गाल सोलला.

तारीख नाही

आई, मी काम सोडलं नाही. रोज करतो. पूल ओलांडला की झाडं जवळजवळ आहेत, बसमधून बघितली होती, थेट आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. मग आपल्या दारातलं. ते तोडायला कुणी आलं तर तोडू देऊ नकोस. ताईला सांग ओरडू नको म्हणून, नुसते हात दिसतील, आधी नुसते हातच —