खालच्या ओळीतलं नाव

गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

तुझा पहिला प्रश्न ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: जेवलोय. पालेभाजीही खाल्ली.

तुझं पत्र काल मिळालं. मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन, आणि ते तू चौथ्या पानावर, पडदे धुतल्याच्या बातमीनंतर लिहितेस. वर आणखी, ‘तू येऊ नकोस. तुझा तो दगडाच्या काळजाचा साहेब सोडायचा नाही. त्याच्यापुढे हात जोडू नकोस. मला वाईट वाटणार नाही.’ एवढंच मी कपाटाशी उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

फोन करणार होतो. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी हो हो म्हणत राहतो. म्हणून हे पत्र.

सध्या देखभालीसाठी अणुभट्टी बंद आहे, त्यामुळे आम्हा ‘बर्फवाल्यांना’ (हे नाव तूच ठेवलंस) दम खायला फुरसत नाही. आज सकाळी तळघरात मांडीएवढ्या जाड पाइपाला जाकीट घातलं. एक झडप बदलायची आहे. तिच्यासाठी अख्ख्या यंत्रणेतलं पाणी उपसायचं तर दिवसच्या दिवस जातील, म्हणून झडपेच्या अलीकडे पाइपातलं हातभर पाणी आम्ही गोठवतो. जाकिटात द्रव नायट्रोजन सोडला की आत बर्फाचं बूच बसतं आणि पलीकडे फिटर निर्धास्तपणे काम करतात. तोवर एकाने बुचापाशी बसून राहायचं, तापमान बघायचं, नायट्रोजन कमी झाला की वाढवायचा. तू म्हणायचीस, शिकूनसवरून पाइपाची आजारपणं काढतोस.

पाइपाला पुठ्ठ्याची चिठ्ठी टांगलेली असते. वरच्या ओळीत बूच बसवणाऱ्याचं नाव, खालच्या ओळीत त्याला सोडवायला आलेल्याचं नाव आणि वेळ.

अशी एक जुनी चिठ्ठी सोबत पाठवतोय. हात लावायला हरकत नाही, फाटकावर किरणोत्सर्गाच्या यंत्राने तपासूनच बाहेर आणली होती. तारीख बघ. आई गेली तो दिवस.

वरची ओळ माझी. खाली माझ्या जोडीदाराचं, लंब्याचं नाव आहे, सव्वादहाची वेळ आहे, आणि दोन्हींवर काट मारलेली आहे. ती काट मी मारली.

ताई, मला कोणी अडवलं नव्हतं. तुझा निरोप आला तेव्हा साहेब दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून स्वतः तळघरात आले, लंब्याला घेऊन. जीप फाटकाशी उभी होती. लंब्याने नाव लिहूनही टाकलं. मी म्हटलं, बूच कच्चं आहे, मीच बसतो. बूच पक्कं होतं. साहेबांनाही ते दिसत होतं. म्हणाले, “अरे, पाइप कुठे पळून जात नाही.”

मी उठलो नाही. दुपारी दोनला आई गेली.

आदल्या रविवारी तिने मला ‘आपण कोण?’ असं विचारलं होतं. तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस, आणि आल्यावर मी तुला सांगितलं नाही. ती पुन्हा तेच विचारेल याची मला भीती वाटली. नंतर तुझ्याकडूनच कळलं की शेवटपर्यंत ती दाराकडे बघून ‘धाकटा आला का’ म्हणत होती.

त्या संध्याकाळी दारात तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, “त्या मेल्यांनी सोडलं नाही ना रे तुला?” मी मान डोलावली. मी एवढंच केलं, पुढचं सगळं तू केलंस. आत्याने टोमणा मारला तर तिच्याशी बोलणं सोडलंस. दोन वर्षं साहेबांचा उद्धार केलास. आणि ती माया मी मुकाट घेत राहिलो.

काल साहेबांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, दोन वर्षं इतक्या उचक्या का लागतात ते आज कळलं. मग माझ्या रजेवर सही केली. तुला नमस्कार सांगितलाय.

आज दहा वाजता लंब्या आला, तेव्हा मी पेन त्याच्या हातात दिलं. तो चिठ्ठीकडे बघत राहिला. “काट मारणार नाहीस ना?” असं विचारून मग त्याने नाव लिहिलं. मी हात धुऊन कँटीनमध्ये हे लिहायला बसलो. खाली बूच टिकून आहे, माझ्यावाचून.

पत्र शनिवारी पोचेल, मी सोमवारी सकाळच्या गाडीने. रागवायला तुझ्याकडे दोन दिवस आहेत, पुरले नाहीत तर आणखी घे. आम्ही बूच वितळवायलाही घाई करत नाही. गरम पाणी ओतायचं नाही, हातोडा मारायचा नाही. जाकीट काढायचं आणि बसून राहायचं.

बोलली नाहीस तरी चालेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात एखादी खुर्ची असेलच. मंगळवारी तुला आत नेतील तेव्हा मी तिथे असेन, बाहेर आणतील तेव्हाही. शुद्धीवर येऊन तू ‘आपण कोण?’ म्हणालीस, तरी उठणार नाही.

कोणीही न अडवलेला,
तुझा धाकटा