अब्बांची वही आणि अडतीस रेघा

१२ जानेवारी, आटपाडी

पहिल्याच चेंडूवर बाद! साताऱ्याहून पहिली एसटी, मध्ये दोनदा गाडी बदलली, पाच तास गेले — आणि शिवतेज एका चेंडूत परत मांडवात. त्याच्या फलंदाजीसाठी आखून आणलेली चार पानं कोरीच.

मग क्षेत्ररक्षण तरी बघावं म्हणून सीमेजवळ उन्हात जाऊन बसले. पोरगा कुंडलचा, एकोणीस वर्षांचा, लांब षटकारांसाठी गाजलेला. सीमेवर तो नुसता उभा राहत नाही. प्रत्येक चेंडूला चार पावलं आत येतो, मग परत मागे. चेंडू त्याच्याकडे येवो न येवो. एक झेल पळत जाऊन घेतला, चांगला. फेक मात्र उंच. एवढ्या उंच फेकीत समोरचे दुसरी धाव काढतात. दोन्ही लिहिलं.

सीमा पावलांनी मोजली. सरळ छप्पन्न पावलं. इथला षटकार साताऱ्यात झेल होईल. हेही लिहिलं.

मांडवातल्या एकाने विचारलं, "मॅडम, तुमी कुणाकडनं?" म्हटलं, खेळाडू बघायला आलेय. "म्हंजे पोरगा बघायला!" सगळे हसले. मीही हसले — पण जरा उशिरा.

१४ जानेवारी, सातारा

संक्रांत. घरमालकीण हरणाबाईंनी दारातूनच तिळगूळ दिला, "गोड बोल गं." आज बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी लालासाहेब सरांचा फोन. ते पुण्यात बसून लीगमधल्या आमच्या संघाचा दुसऱ्या फळीचा चमू निवडतात. मी त्यांची निरीक्षक — पहिले सहा महिने कच्च्या नोकरीवर. "शाझिया, तू लिहिलेलं वाचलं. चार पावलं आत येतो, चार पावलं मागे जातो. मला आकडा दे, कविता नको." मग म्हणाले, चार मॅच बघून कुणी पोरगा घेत नाही. विट्याच्या मैदानावर तो दोन वर्षं खेळलाय, तुझ्या वडिलांच्या वह्यांतून त्याचे षटकार मोजून दे. एकच जागा आहे. सात फेब्रुवारीपर्यंत.

खरं सांगायचं तर नोकरी मिळाली तीच त्या वह्यांमुळे. मुलाखतीत सर म्हणाले होते, "याकूब स्कोअररची मुलगी? मग काय विचारायचं!"

शाळेत जायच्या आधी मी अब्बांच्या स्कोअरबुकात आकडे शिकले. आठवडाभर शिलाईचं दुकान, रविवारी मैदान, मांडीवर मी. घरात ते दखनी बोलतात, पण मैदानातलं सगळं मराठीत. धाव निघाली नाही की टिंब. एकदा मी टिंब द्यायचं विसरले तर म्हणाले, "टिंब बी लिवायचं. काय झालं न्हाई, ह्ये बी झालंच की." आणि पंचांनी खूण केली की स्कोअररनं हात वर करायचा. म्हणजे — बघितलं, लिहिलं. तो हात वर होईपर्यंत पुढचा चेंडू पडत नाही. सगळं मैदान अब्बांच्या हातासाठी थांबायचं! मला वाटायचं, माझे अब्बा पंचांपेक्षा मोठे आहेत.

१९ जानेवारी, सातारा

शिवतेज आज इथे खेळला: अडतीस चेंडूंत एकाहत्तर. पाच षटकार, त्यातले तीन तरी कुठल्याही मैदानावर षटकारच. मारताना डोकं हलत नाही. मनगट शेवटी फिरतं, आवाज वेगळाच येतो — कोरड्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. (ही कविता झाली. सरांना पाठवायची नाही.)

छातीशी उसळलेल्या चेंडूवर मात्र डोळे मिटतो. तीनदा. तिन्ही वेळा.

ताकद दहापैकी नऊ. की आठ? आडव्या वाऱ्याचा फायदा दोन फटक्यांना होता. आठ.

२० जानेवारी

आठच. साडेआठ देत नाहीत.

२६ जानेवारी, विटा

वह्या घ्यायला घरी आले. झेंडावंदन झाल्यावर विटा विरुद्ध कुंडल मॅच होती, अब्बा नेहमीच्या खुर्चीत. शेजारी कुंडलचे स्कोअरर भाऊसो काका. दोन संघांचे दोन स्कोअरर, दोन वह्या, षटक संपलं की जुळवायचं. मी मागे माझी वही घेऊन बसले. तिघांच्या तीन वह्या — किती दिवसांनी बरं वाटलं.

पण एक गोष्ट. अब्बांचा हात भाऊसो काकांच्या हातानंतर वर जातो. अर्ध्या क्षणानं, पण दर वेळी. पूर्वी आधी जायचा.

शिवतेजनं उंच मारला, कुंडलची पोरं ओरडली, माईकवाला "गेला, गेला!" म्हणाला. चेंडू सीमेच्या आत टप्पा पडून बाहेर गेला. चौकार. मी चार लिहिले. अब्बांनी सहा. षटक संपल्यावर भाऊसो काकांनी अब्बांच्या वहीकडे बघितलं, आणि स्वतःच्या वहीतला चार खोडून सहा केला.

माझ्या वहीत चारच राहिले.

२९ जानेवारी, सातारा

अब्बांच्या वह्यांत दोन वर्षांत चौदा मॅच, शिवतेजचे एक्कावन्न षटकार. त्यातल्या तीन मॅचचं चित्रण पोरांनी मोबाईलवरून टाकलेलं सापडलं. पुन्हा पुन्हा बघितलं. वहीत अकरा, चित्रणात सात.

मीच चुकत असेन. उद्या पुन्हा बघते.

३० जानेवारी

सातच.

२ फेब्रुवारी, विटा

न कळवता घरी गेले. अब्बा नमाजाला गेले होते, दुकान उघडंच. मशीनशेजारच्या गादीवर सुया टोचलेल्या — सगळ्या ओवलेल्या. आठ पांढऱ्या दोऱ्याच्या, सात काळ्या. काजं-बटणं करणाऱ्या माणसाच्या दुकानात एवढ्या सुया आधीच ओवून कशाला?

शेजारच्या मनुबाई निवडायला तांदूळ घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी सुयांकडे बघतेय हे बघून तोंड फिरवलं. मग न राहवून म्हणाल्या, "रोज सकाळी मीच ववून देती. पांढऱ्या डावीकडं, काळ्या उजवीकडं, बाकी त्येंस्नी हाताला कळतंय. शाझूला सांगू नगा म्हणल्यात. आता तू बघितलंस, मी काय सांगितलं न्हाई."

अब्बा आल्यावर विचारलं. म्हणाले, दुकानात उजेड कमी हाय. भर दुपारी. दार सताड उघडं.

म्हटलं, एक्कावन्न षटकार तुम्ही बघितलेत? त्यांनी टेप गुंडाळायला घेतली, शेवटपर्यंत गुंडाळली, मग म्हणाले, "माझी वही आजवर कुणी मोजली न्हाई, शाझू."

जेवले नाही. एसटीत माझ्या शेजारची जागा साताऱ्यापर्यंत रिकामी होती.

३ फेब्रुवारी, कुंडल

भाऊसो काकांनी घरात घेतलं, चहा दिला, आणि विचारायच्या आधीच बोलायला लागले. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच अब्बांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकली तर टिकली. अगदी जवळचं धुरकट दिसतं, मैदान नाही. आवाजावर लिहितात.

"मग तुम्ही बरोबर सांगायचं की त्यांना!"

"सांगत हुतो गं पोरी. एक-दोन खेपंला सांगितलं. मग त्येंचं त्वांड बघवंना. त्यापरीस म्हटलं आपलीच वही त्येंच्यासारखी करावी. याकूबभाईंची वही चुकली म्हणणारा मी कोण?"

तीस वर्षं ज्यांची वही कधी चुकली नाही त्यांची आता चुकूच शकत नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

मग शिवतेजच्या घरी गेले. तो गोठ्यात शेण काढत होता. मला बघून हात मागे लपवले. विट्याला किती षटकार मारलेस, आठवतात का — "अडतीस," लगेच म्हणाला. गोठ्याची भिंत दाखवली. कोळशानं रेघा, प्रत्येक मॅचच्या वेगळ्या, खाली तारीख. चित्रणातल्या त्या तीन मॅचच्या रेघा मोजल्या. सात!

"वहीत एक्कावन्न आहेत," मी म्हटलं.

तो भिंतीकडे बघत राहिला. म्हणाला, "याकूबचाचांच्या वहीत?"

"हो."

"मग मीच रेघा माराय इसरलो आसंन, ताई. चाचांची वही चुकत न्हाई."

५ फेब्रुवारी, सातारा

अहवाल तीनदा लिहिला.

पहिला — एक्कावन्न. सर खूष, पोरगा आत, अब्बांची खुर्ची शाबूत. कुणाचंच नुकसान नाही. फक्त मला माहीत.

दुसरा — वह्यांचा उल्लेखच नाही, फक्त मी बघितलेल्या मॅच. पण सर विचारणारच. आणि न लिहिणं म्हणजे टिंब न देणंच.

तिसरा — अडतीस, आणि का ते. "माझे वडील" इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं.

कुणाला विचारू? अशा वेळी मी ज्यांना विचारते ते अब्बाच.

७ फेब्रुवारी

पाठवला. तिसरा.

"ताकद आठ. झेल सात. फेक पाच, सुधारता येईल. उसळत्या चेंडूला डोळे मिटतो, यावर काम हवं. विट्यातले षटकार एक्कावन्न नव्हे, अडतीस. गेल्या दोन वर्षांच्या वह्या ग्राह्य धरू नयेत; स्कोअररला मैदान दिसत नाही. स्कोअरर माझे वडील आहेत. अडतीस हा आकडा खेळाडूने स्वतः भिंतीवर ठेवलेल्या नोंदींतून घेतला असून तीन मॅचच्या चित्रणाशी जुळतो."

सरांचा लगेच फोन. "गोठ्याची भिंत? मी वर काय सांगू, गोठ्याची भिंत?"

मी म्हटलं, हो सर.

९ फेब्रुवारी

अब्बांना फोन केला. उचलला नाही.

१२ फेब्रुवारी

शिवतेज राखीव. जागा दुसऱ्या मुलाला गेली, त्याचे चव्वेचाळीस आहेत. सर म्हणाले, "एक्कावन्न असते तर थेट घेतला असता." वाईट बोलले नाहीत.

आणि सरांनी खात्री करायला विट्याच्या आयोजकांना विचारलं. त्यांनी या रविवारी खुर्चीवर दुसरा माणूस बसवला. अब्बांना आधी सांगितलंही नाही. ते डबा घेऊन मैदानावर गेले, आणि परत आले. हे मला मनुबाईंकडून कळलं.

शिवतेजला मीच कळवलं. अहवाल वाचून दाखवला, म्हटलं, माझ्या लिहिण्यामुळे झालं. फोनवर मागे म्हैस ओरडत होती.

"म्हंजे आजून तेराच माराय पायजेत, ताई," म्हणाला. "आन् त्ये डोळं मिटायचं — ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

१५ फेब्रुवारी

हरणाबाई म्हणाल्या, तू हल्ली स्वतःशी बोलतेस. नाही, मी मोजत असते. अहवाल पाठवून आठ दिवस झाले. अब्बांचा आवाज नाही.

१८ फेब्रुवारी

फोन उचलला! मी "अब्बा" म्हणाले. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. मग फोन ठेवला. रागानं नाही, हळूच.

२२ फेब्रुवारी

उद्या सांगलीला अंतिम सामना, कुंडल आहे. पेन दोन, वही, टोपी. सर म्हणालेत, राखीव मुलाला शेवटचं बघून ये.

२३ फेब्रुवारी, सांगली

इथे स्कोअरर सांगलीचे, त्यामुळे भाऊसो काका मोकळे; दुसऱ्या डावाच्या आधी ते मोटारसायकलवरून अब्बांना घेऊन आले. अब्बा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. हातात वही नाही. मी लिहीत राहिले. पाच-सहा षटकं तशीच गेली. शिवतेज आमच्याच बाजूला सीमेवर होता, चार पावलं आत, चार पावलं मागे.

"शाझू," अब्बा म्हणाले, "तो पोरगा दिसतो कसा गं? दोन वर्सं त्याला मांडला. बघितला न्हाई कवा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला पण माहीत नाही. त्याचे पाय, मनगट, खांदा — एवढंच लिहिलंय. मान वर केली. उजव्या भुवईत जुनी खोक आहे. कान मोठे, उन्हानं लाल झालेले. ओठ हलत असतात, चेंडू मोजत असावा. एकेक करून अब्बांना सगळं सांगितलं.

त्या षटकात माझ्या वहीत सहापैकी पाचच चेंडू आहेत.