प्लीहा उतरली, रक्तही उतरलं

४ जाने., वरसे
आज दोन भाकऱ्या, वर वालाचं बिरडं पुन्हा वाढून घेतलं. सुलू बघतच राहिली. बायकोला एवढं खूश बऱ्याच दिवसांनी पाहिलं. गणपतीच्या आधी चार घासांत पोट गच्च व्हायचं, डाव्या बरगडीखाली दगड. मायलोफायब्रोसिस. हाडांतला मगज निबर होतोय, रक्त करायचं काम प्लीहेनं अंगावर घेतलं म्हणून ती फुगली, असं डॉ. बाईंनी समजावलेलं. तेव्हापासून गोळी सकाळ-संध्याकाळ. रात्रीचा घाम गेला. आंघोळीनंतरची खाजही.

११ जाने.
पनवेलला तपासणी. डॉ. बाईंनी पोट दाबलं. "चांगलीच उतरलीय की!" मग रिपोर्ट. हिमोग्लोबिनही उतरलंय, त्याच गोळीनं. म्हटलं, हा कुठला न्याय? हसल्या. डोस कमी केला. "मनानं बंद मात्र करू नका. एकदम सोडली की सगळं उसळतं."
जिन्यात धाप लागली. कंपनीत होतो तेव्हा शिफ्टला टाकीवर चढायचो. असो.

२४ जाने., पेण
रामवाडीला ताईकडे. काल कमरेला आग आग, आज फोडांचा पट्टा.
ताई : "नागीण हाय ही! तोंड-शेपूट भिडायच्या आत उतरवून घे. गागोद्याला म्हातारा हाय मंतरणारा."
सुलू : "मंतरू नंतर. आधी डॉ. बाईंना फोन लावते."
फोटो पाठवला. या गोळीवर काहींना होतं म्हणे, प्रतिकारशक्ती कमी पडते. वेगळ्या गोळ्या लगेच सुरू. ताई रुसली. संध्याकाळी तिनंच जुनं लुगडं फाडून मऊ कापड दिलं, सदरा घासू नये म्हणून.

७ फेब्रु.
खपल्या सुटल्या. ठणका आहे. ताईच्या दिराच्या शेतावर, गागोद्याला पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. तो म्हाताराही आलेला. सदरा वर करून बघितलंन.
"बरी वाळली. कुणी उतरवली?"
"पनवेलच्या बाईनं," सुलू.
"हातगुण हाय तिचा."
ताईसुद्धा हसली. पोटभर खाल्लं. मजा आली.

१ मार्च
हिमोग्लोबिन थोडं वर. पण प्लीहा परत हाताला लागायला लागलीय. डोस वाढवला तर ती बसेल, मात्र रक्त चढवायची वेळ येऊ शकते. आहे तोच ठेवला तर तरतरी राहील, पोट किती साथ देईल माहीत नाही. "तुम्हाला काय जास्त हवं?" डॉ. बाईंनी विचारलं. असं कोणी विचारत नाही. बरं वाटलं. दोन दिवस मागून घेतले.

२ मार्च, वरसे
संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावर. मधेच थांबलो.
"दम लागला?"
"नाय गो. पाणी बघतोय."
कठड्याला टेकून सुलूपण पाणी बघत राहिली. उद्या फोन करायचाय. काय सांगणार, अजून ठरलं नाही.